‘डिझाइन’ शब्दाचे नाना अर्थ व कर्तृत्वाचा निर्णय

इंग्रजी कागदपत्रें, जुनीं छापील चित्रें व सचित्र पोथ्या यांचा अभ्यास करणाऱ्यास ‘डिझाइन’ हा शब्द वारंवार भेटतो. शब्द ओळखीचा असल्यामुळें वाचणारा तेथें थांबत नाहीं. ‘रचना’, ‘योजना’, ‘नक्षी’, ‘बेत’ यांपैकीं जो प्रतिशब्द प्रथम सुचेल तो लिहून तो पुढें जातो. वस्तुतः या एका शब्दाच्या पोटांत निदान चार निरनिराळे अर्थ आहेत : मनांतील हेतु, कागदावरील रेखाटन, पृष्ठभागावरील नक्षी आणि खुद्द वस्तूचा घाट. यांपैकीं कोणता अर्थ घ्यावयाचा, यावर नुसती भाषांतराची शुद्धता अवलंबून नाहीं. एखादी कृति कोणाची मानावयाची, एखाद्या राजपुरुषाच्या माथीं कपट मारावयाचें कीं नाहीं, एखाद्या कारागिराचें नांव इतिहासांत राहावयाचें कीं जावयाचें, हेंही त्यावर ठरतें. म्हणून या शब्दाची फोड करून आपल्या संग्रहांतील साधनांस ती कशी लावावी, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. शब्दाचें कूळ

मूळ लॅटिन क्रियापद ‘देसिग्नारे’. त्याच्या पोटांत ‘सिग्नुम्’ म्हणजे खूण हा शब्द आहे. खूण करून दाखविणें, आंखून देणें, नेमणें असा त्याचा अर्थ. त्यापासून इटालियन भाषेंत ‘दिसेन्यो’ हा शब्द निघाला व सोळाव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या कलावंतांनीं त्यास मोठी प्रतिष्ठा दिली. ज्योर्जो वसारी याच्या चित्रकार, शिल्पकार व स्थपति यांच्या चरित्रग्रंथाची पहिली आवृत्ति १५५० सालीं व वाढविलेली दुसरी १५६८ सालीं निघाली. मध्यंतरीं, १५६३ सालीं, त्याच्याच पुढाकारानें व ड्यूक कोझिमो मेदिची याच्या आश्रयाखालीं ‘दिसेन्यो’च्या नांवानें एक अकादमी स्थापन झाली. चित्र, मूर्ति व वास्तु हीं तिन्ही एकाच ‘दिसेन्यो’चीं अपत्यें होत, असें वसारीचें प्रतिपादन होतें. त्याचा व्यावहारिक आशय असा कीं, या कलांचें काम करणारा हा केवळ हाताचा मजूर नसून बुद्धीनें चालणारा पुरुष आहे. १६०७ सालीं फेदेरिको झुक्कारो यानें याच शब्दाचे दोन भाग केले : एक आंतील ‘दिसेन्यो’, म्हणजे मनांत उमटलेली कल्पना, आणि दुसरा बाहेरील, म्हणजे कागदावर उतरलेली रेषा.

फ्रेंच भाषेनें पुढें ही फाळणी लेखनांतच करून टाकली. हेतु या अर्थाचा शब्द एका तऱ्हेनें व रेखाचित्र या अर्थाचा दुसऱ्या तऱ्हेनें लिहिण्याची रीत तेथें रूढ झाली; उच्चार मात्र दोहोंचा एकच राहिला. इंग्रजीनें अशी वाटणी केली नाहीं. हेतु व आलेख हे दोन्ही अर्थ तिनें एकाच लेखनाखालीं नांदूं दिले व पुढें त्यांत नक्षी आणि घाट यांची भर पडली. आपल्या अडचणीचें मूळ येथें आहे.

२. हेतु व मोहीम

प्रथम हेतूचा अर्थ घेऊं, कारण राजकीय कागदांत तोच अधिक येतो. आजच्या इंग्रजींत एखाद्याचीं ‘डिझाइन्स’ म्हटलीं कीं वाईट डावाचा वास येतो. सतराव्या शतकांत हा वास प्रत्येक ठिकाणीं नव्हता. ऑलिव्हर क्रॉमवेल यानें स्पेनच्या अमेरिकेंतील मुलखावर जें आरमार धाडलें, त्या उद्योगास इंग्रजी इतिहासांत ‘वेस्टर्न डिझाइन’ हेंच नांव आहे. हिस्पानिओला बेट घेण्याचा त्यांचा प्रयत्न फसला व १६५५ सालीं जमैका हातीं लागलें. येथें ‘डिझाइन’ म्हणजे उघड उघड मोहीम. स्वतःच्या सरकारच्या उद्योगास कोणी कपट म्हणत नाहीं.

हें ध्यानांत ठेवून सुरतेच्या व मुंबईच्या इंग्रजी वखारींचा त्याच शतकांतील पत्रव्यवहार वाचला पाहिजे. शिवाजीमहाराजांच्या हालचालींसंबंधानें त्यांत हा शब्द येतो. त्याचें भाषांतर सरसकट ‘कुटिल हेतु’ किंवा ‘कारस्थान’ असें केलें, तर मूळ लेखकानें न केलेला आरोप भाषांतरकार करून बसतो. पुष्कळ ठिकाणीं लिहिणाऱ्यास इतकेंच सांगावयाचें असतें कीं, अमुक दिशेस स्वारीचा बेत आहे. उलट, जेथें खरोखरच कपटाचा आरोप आहे तेथें जवळचीं विशेषणें व पुढचा मजकूर तें सांगतात. निर्णय संदर्भानें करावयाचा, शब्दाच्या आजच्या वासानें नव्हे.

यांत आणखी एक गुंता आहे. आपले मराठी प्रतिशब्दही जागचे हलले आहेत. ‘मनसुबा’ हा मूळ अरबी शब्द बुद्धिबळांतील मांडून ठेवलेल्या डावाचा वाचक होता. मराठींत त्याचा अर्थ बेत असा झाला. ‘मसलत’ म्हणजे मुळांत हिताची गोष्ट, मग सल्ला. पेशवाईच्या पत्रांत ती प्रत्यक्ष मोहीमच होऊन बसते. ‘राजकारण’ म्हणजे जुन्या पत्रांत बहुधा गुप्त बोलणें किंवा संधान. आज तो सर्व राज्यव्यवहाराचा वाचक आहे. ‘कारस्थान’ हा शब्द तर याच्या उलट वाटेनें गेला. अठराव्या शतकांत कुशल राजकीय उद्योग असा अर्थ देणारा हा शब्द आज शिवी झाला आहे. म्हणजे इंग्रजी ‘डिझाइन’ जसा घसरला तसाच आपला ‘कारस्थान’ही घसरला. एक घसरलेला शब्द दुसऱ्या घसरलेल्या शब्दानें भाषांतरित केला म्हणजे दोष दुप्पट होतो, आणि तो ज्याच्या नांवावर चढतो त्यास उत्तर देतां येत नाहीं.

३. रेखाटन व त्याचा कर्ता

दुसरा अर्थ रेखाटनाचा. छापील चित्रें जमविणाऱ्यांस याचें महत्त्व सर्वांत अधिक. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या युरोपियन चित्राखालीं बारीक अक्षरांत नांवें असतात व प्रत्येक नांवापुढें एक लॅटिन क्रियापद, बहुधा संक्षिप्त रूपांत, असतें. ‘इन्वेनित्’ म्हणजे ज्यानें कल्पिलें तो, ‘देलिनेआवित्’ म्हणजे ज्यानें रेखिलें तो, ‘पिंक्सित्’ म्हणजे ज्यानें रंगविलें तो, ‘स्कुल्प्सित्’ म्हणजे ज्यानें कोरिलें तो, आणि ‘एक्सकुदित्’ म्हणजे ज्यानें छापून प्रसिद्ध केलें तो. एका कागदामागें पांच माणसें असूं शकतात. इंग्रजी यादींत मात्र या सर्वांच्या ऐवजीं कित्येकदां ‘अमुकाचें डिझाइन’ एवढेंच आढळतें. तें ‘इन्वेनित्’चें भाषांतर आहे कीं ‘देलिनेआवित्’चें, हें मूळ चित्र पाहिल्यावांचून कळत नाहीं.

याच ओळींतील तारखेविषयींही सावध असावें. १७३५ च्या इंग्रजी कायद्यानें चित्रें कल्पिणाऱ्या व कोरणाऱ्या लोकांस चौदा वर्षांचा हक्क दिला व मालकाचें नांव आणि प्रसिद्धीची तारीख पत्र्यावर घालणें आवश्यक केलें. म्हणून चित्राखालची तारीख ही प्रसिद्धीची तारीख होय. रेखाटन त्यापूर्वीं दहा वर्षांचेंही असूं शकेल. तिजवरून चित्रांतील किल्ल्याची, वाड्याची किंवा दरबाराची स्थिति ठरवूं जाणें धोक्याचें आहे.

ही श्रमविभागणी युरोपांतच होती असें नाहीं. अकबराच्या चित्रशाळेंतील ‘अकबरनामा’च्या प्रतीचीं ११६ चित्रें लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. तीं १८९६ सालीं त्या संग्रहांत आलीं. त्यांच्या समासांत तांबड्या शाईनें कर्त्यांचीं नांवें आहेत. एका नांवामागें ‘तर्ह’ हा शब्द, दुसऱ्यामागें ‘अमल’, आणि कांहीं चित्रांवर तिसऱ्या नांवाशीं चेहरे काढल्याचा उल्लेख. ‘तर्ह’ म्हणजे चित्राची मांडणी व रेखाटन. तें ज्येष्ठ चितारी करी. ‘अमल’ म्हणजे प्रत्यक्ष रंगकाम. तें बहुधा दुसऱ्याकडे असे. अकबर हवाई नांवाच्या हत्तीवर स्वार होऊन नावांच्या पुलावरून जातो, या प्रसिद्ध चित्राची तर्ह बसावनची व अमल चेतरचा आहे. अबुल फज्लनेंही बसावनची वाखाणणी करितांना तर्ह टाकण्याचें कौशल्य वेगळें मोजिलें आहे. म्हणजे जो भेद लॅटिन क्रियापदांनीं दाखविला, तोच फारसी शब्दांनीं दाखविलेला आहे. हा ‘तर्ह’ शब्द आपल्या भाषेंत ‘तऱ्हा’ होऊन राहिला, परंतु त्याचा चित्रकलेंतील अर्थ गळून गेला व रीत, प्रकार, फार तर ‘तऱ्हेवाईक’ एवढेंच त्याचें वंशवर्धन झालें.

४. वेरूळचीं चित्रें व गंगाराम तांबट

आतां हीच कसोटी आपल्या घरच्या एका प्रकरणास लावून पाहूं. वेरूळच्या लेण्यांचीं चोवीस दृश्यें असलेला ग्रंथ १८०३ सालीं लंडन येथें निघाला. त्याच्या शीर्षपृष्ठावर दोन कर्ते सांगितले आहेत : रेखाटनें जेम्स वेल्स याचीं, आणि कोरण्याचें काम टॉमस डॅनियल याचें व त्याच्या देखरेखीखालचें. वेल्स हा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला, १७९२ पासून पुण्याच्या दरबाराशीं त्याचा संबंध आला, आणि १७९५ सालीं तो वारला. ग्रंथ निघाला तेव्हां त्यास जाऊन आठ वर्षें झालीं होतीं.

या प्रकरणांत तिसरें नांव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट याचें आहे. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठीं तो रेखाटनें करीत असे. मॅलेटच्या पुढाकारानें व सवाई माधवरावांच्या आश्रयानें शनिवारवाड्यांत जी चित्रशाळा निघाली, तिच्याशीं त्याचें नांव निगडित आहे. वेरूळच्या लेण्यांचीं त्याचीं रेखाटनें उपलब्ध असून त्याच्या कामाचा मोठा भाग अमेरिकेंत न्यू हेवन येथें येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रांत आहे. मॅलेटनें १७९९ सालीं वेल्सची कन्या सुझाना हिच्याशीं विवाह केला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे सासऱ्याचे व जावयाचे कागद एका कुटुंबांत कसे आले असतील हें सहज समजतें.

गंगाराम हा वेल्सच्या हाताखालचा मदतनीस व शिष्य, असें वर्णन सामान्यतः करण्यांत येतें. तो वेल्सबरोबर काम करीत असे यांत शंका नाहीं. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें त्यानें काढलेलें चित्र नोव्हेंबर १७९० चें आहे. वेल्स मुंबईस उतरला तो पुढच्या वर्षीं. तेव्हां इंग्रज धन्यासाठीं समोरची वस्तु पाहून रेखाटण्याचें काम गंगाराम वेल्सच्या आगमनापूर्वींच करीत होता, एवढें या एका तारखेनें सिद्ध होतें. ‘शिष्य’ या शब्दानें त्याचें सर्व कर्तृत्व वेल्सच्या खातीं जमा करणें हें त्या तारखेस सोडून आहे.

यावरून लंडनच्या ग्रंथांतील चित्रें गंगारामाचीं होत, असें म्हणावयाचें नाहीं. म्हणावयाचें तें इतकेंच कीं, शीर्षपृष्ठावरील ‘रेखाटन’ हा शब्द अनेक कामें एका नांवाखालीं झांकतो. लेण्याचें मोजमाप घेणें, जागेवर बसून कच्चें रेखाटन करणें, त्यावरून पक्कें चित्र करणें, आणि तें पत्र्यावर उतरविणें, हीं चार कामें आहेत. पैकीं चौथ्याचा कर्ता निश्चित आहे. पहिल्या तिहींची वाटणी वेल्स, गंगाराम व इतर सहायक यांच्यांत कशी झाली होती, याचा निर्णय प्रत्येक छापील दृश्य व प्रत्येक मूळ रेखाटन शेजारीं शेजारीं ठेवूनच झाला पाहिजे. शीर्षपृष्ठ वाचून नव्हे.

याच मंडळींचें दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. १७९० सालीं टिपूविरुद्ध झालेल्या तहाच्या वेळीं पुण्याच्या दरबारांत मॅलेट उपस्थित आहे, असें मोठें तैलचित्र टॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं केलें. तें हल्लीं लंडनच्या टेट संग्रहांत आहे. डॅनियल त्या दरबारांत नव्हता. ज्याच्या अभ्यासचित्रांचा त्यानें आधार घेतला तो वेल्सही १७९० सालीं हिंदुस्थानांत आलेला नव्हता. म्हणजे चेहरे वेल्सनें मागाहून पाहून घेतलेले, मांडणी व रंग डॅनियलचे, आणि अमुक प्रसंग अमर व्हावा हा संकल्प मॅलेटच्या गौरवाचा. या चित्रास सवाई माधवराव किंवा नाना फडणीस यांच्या चेहऱ्यांसाठीं प्रमाण मानणें एक, आणि दरबारांतील बैठकीच्या क्रमासाठीं प्रमाण मानणें वेगळें. चेहऱ्यांपुरता आधार प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा आहे. बैठकीपुरता तो ऐकीव आहे. ‘डिझाइन’चे अर्थ वेगळे केले नाहींत तर हा भेद दिसतच नाहीं.

५. नक्षी व तिचा मालक

तिसरा अर्थ नक्षीचा. येथें वादाचा विषय मालकी हा आहे. इंग्लंडांत छापील सुती व तागाच्या कापडावरील नक्षीस कायद्याचें संरक्षण प्रथम १७८७ सालीं मिळालें, तें अवघ्या दोन महिन्यांचें. १८३७ सालीं लंडन येथें सरकारी ‘स्कूल ऑफ डिझाइन’ निघाली, ती कारखान्यांच्या मालावर चांगली नक्षी यावी म्हणून. वसारीच्या काळीं ज्या शब्दानें कलावंताची बुद्धि मिरविली, तोच शब्द आतां बाजारांतील मालाचें अंग झाला. मुंबईस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून कलाशाळा निघाली ती १८५७ सालीं, याच विचारांच्या काळांत.

या दृष्टीचा सर्वांत मोठा संग्रह म्हणजे जॉन फोर्ब्स वॉटसन यानें १८६६ सालीं तयार केलेले हिंदी कापडाचे नमुने. अठरा खंड, त्यांत सातशें नमुने, आणि असे एकंदर वीस संच. पैकीं तेरा ब्रिटनमध्यें व सात हिंदुस्थानांत ठेवण्यांत आले. इंग्रज कारखानदारांस येथील गिऱ्हाइकाची आवड कळावी, हा त्याचा मुख्य हेतु होता. लांबी, रुंदी, वजन, ठिकाण अशी माहिती त्यांत काळजीपूर्वक नोंदली आहे. विणकराचें नांव ही नोंदण्याची बाब मानलेली नाहीं. ज्या राज्यांत आपल्या कापड छापणाऱ्यांच्या नक्षीस १७८७ पासून मालक होता, त्याच राज्यानें परक्या विणकराची नक्षी बेवारस धरली. नमुना जपला गेला, कर्ता गेला.

हिंदुस्थानांत नक्षीसंबंधीं कायदा १८७२ सालीं आला. पुढें १८८८ व १९११ चे कायदे झाले, आणि आज २००० सालचा कायदा चालू आहे. त्यांत ‘डिझाइन’ म्हणजे वस्तूचा आकार, मांडणी, नक्षी, अलंकरण किंवा रेषारंगांची जुळणी, जी तयार वस्तूंत केवळ डोळ्यांनीं पारखतां येते, एवढेंच आहे. वस्तूच्या यंत्ररचनेचें तत्त्व त्यांतून स्पष्टपणें वगळलें आहे. म्हणजे कायद्याचा ‘डिझाइन’ स्थपतीच्या किंवा यंत्रज्ञाच्या ‘डिझाइन’हून फार अरुंद आहे. जुने नोंदणीचे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं हें विसरूं नये.

६. घाट

चौथा अर्थ घाटाचा. आणि येथें मराठीपाशीं एक असा शब्द आहे, कीं जो इंग्रजी शब्दाशीं जवळजवळ तोलास तोल उतरतो. भांड्याचा घाट म्हणजे त्याची घडण, त्याचा आकार. हा तांबटाचा, कुंभाराचा, सोनाराचा नित्याचा शब्द. आणि लग्नाचा घाट घातला, यात्रेचा घाट घातला, येथें घाट म्हणजे बेत. आकार व बेत हे दोन्ही अर्थ एका शब्दांत नांदतात, जसे ते ‘दिसेन्यो’त नांदतात. ‘घडणें’ व ‘घडविणें’ यांच्याच कुळांतला हा शब्द असल्यामुळें त्यांत हेतु व हात यांची ताटातूट नाहीं. ‘नकशा’ शब्दाचेंही असेंच आहे. मूळ अरबी ‘नक्श’ म्हणजे कोरणें. त्यापासून भूमीचा नकाशा, लांकडावरील नक्षी, आणि पेशवाईच्या पत्रांतील ‘नक्ष’ म्हणजे लौकिक. नक्षा उतरविणें या वाक्प्रचारांत तोच लौकिक खालीं येतो.

१९५८ सालीं चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्यानें भारत सरकारला जो अहवाल सादर केला, त्यांत उत्तम घाटाचें उदाहरण म्हणून साधा लोटा घेतला आहे. तो कोणा एकाची कृति नसून अनेक पिढ्यांनीं घडविलेला आहे, हा त्यांतील मुद्दा. त्या अहवालामागोमाग १९६१ सालीं अहमदाबादची राष्ट्रीय संस्था निघाली. लोट्यापुढें ‘इन्वेनित्’ लिहावयाचें तर नांव कोणाचें लिहावें? येथें कर्ता नाहीं असें नाहीं. कर्ते फार आहेत.

आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्यानें या शब्दासाठीं ‘संकल्पचित्र’ असा प्रतिशब्द योजिला. पूल व इमारती यांच्या आराखड्यांपुरता तो उत्तम आहे. संकल्प आणि चित्र, झुक्कारोचे आंतील व बाहेरील असे दोन्ही भाग, त्यांत आले. परंतु नक्षी व घाट त्यांत बसत नाहींत. म्हणून एकच प्रतिशब्द सर्वत्र लावण्याचा हट्ट सोडणें बरें. मराठींत शब्द अनेक आहेत हें तिचें दारिद्र्य नव्हे.

७. संग्राहकांस सूचना

वरील विवेचनावरून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. इंग्रजी कागदाचें भाषांतर छापतांना ‘डिझाइन’ जेथें आला असेल तेथें मूळ शब्द देवनागरींत देऊन त्यापुढें बेत, मोहीम, कपट, आराखडा, नक्षी, घाट यांपैकीं योग्य तो अर्थ द्यावा. छापील चित्रांच्या यादींत ‘कर्ता’ असें एकच सदर न ठेवतां कल्पिणारा, रेखणारा, रंगविणारा, कोरणारा व प्रसिद्ध करणारा अशीं सदरें ठेवावीं, आणि जें सदर रिकामें राहील तें रिकामेंच दाखवावें. रिकामी जागा शोधकास बोलावते, चुकीचें नांव त्यास परत पाठवितें. पोथींतील चित्रांचे समास कापूं नयेत व बांधणींत दडपूं नयेत, कारण तर्ह कोणाची व अमल कोणाचा हें बहुधा तेथेंच लिहिलेलें असतें. आणि कापडाचे, भांड्यांचे किंवा दागिन्यांचे नमुने नोंदतांना गांवाबरोबर घडविणाऱ्याचें नांव मिळत असेल तर तें अवश्य घ्यावें.

गंगाराम तांबटाचें नांव टिकलें तें त्याचीं रेखाटनें टिकलीं म्हणून, व त्यांपैकीं एकावर महिना आणि साल राहिलें म्हणून. ज्यांच्या कागदांवर तेवढेंही राहिलें नाहीं असे हात कितीतरी असले पाहिजेत. आपल्या दप्तरांत, पेट्यांत व भिंतींवर त्यांचें जें काम असेल, त्यावर धन्याचें नांव लिहिण्यापूर्वीं हें ‘डिझाइन’ चारांपैकीं कोणत्या अर्थानें कोणाचें, एवढा प्रश्न विचारला जावा, हीच या लेखाची विनंती आहे.